तीस वाव

आन्फिसामावशी नांगर उलटा बांधते.
साखळी वरच्या कड्यात नाही, बुडात,
दोन्ही फाळ जिथे एकत्र येतात तिथे.
मग दांड्यावरून ती वर आणते
आणि कड्याला नुसती अडकवते
प्लास्टिकच्या एका पट्टीने,
कुंपणाची जाळी खांबाला आवळते
तसल्याच.

"एवढीशी?"
"एवढीशीच. दोन लावशील तर
मला हाक मारू नकोस."

केचमाक उपसागराचं तोंड, पहाटेचे पाच.
जूनमधला उजेड, रात्रभर जागलेला,
डोळे चोळत बर्फाच्या डोंगरांवर बसलाय.
खाली तीस वाव पाणी.
दोरी नव्वद वाव, बादलीत वेटोळी घालून.
ती माझे बूट बघते, मग दोरी,
मग पुन्हा बूट.

नांगर नाळेवरून जातो. नाळेवरूनच.
पिछाडीला दोरी बांधायची नाही,
मिनिटभरही नाही,
चहा ओतण्यापुरतीही नाही.
कारण ती सांगत नाही.
कारण गावात आहे, चर्चच्या मागे,
तिरक्या आडपट्टीच्या पांढऱ्या क्रुसावर
झाखार एवढंच नाव,
आणि खाली पुरलेला त्याचा लोकरी कोट.
कोट तेवढा घरी राहिला होता.
होडी मिळाली ती उताणी,
दोरी मागच्या खुंट्याला,
गाठ उत्तम मारलेली.

पाणी थबकलं. आम्ही हेरिंग लावून गळ सोडले.
हॅलिबट लहानपणी चारचौघांसारखा पोहतो,
इकडे एक डोळा, तिकडे एक.
मग एक डोळा कपाळ ओलांडून
दुसऱ्याच्या शेजारी येऊन बसतो
आणि मासा आडवा होतो जन्मभरासाठी,
तळाशी चिखल पांघरून
वर बघत.
काय बघत असेल? होड्यांची पोटं?

माझी काठी वाकली ती पाण्यापर्यंत वाकली.
"खटका!" मावशी ओरडली.
नांगर उचलत बसायचं नसतं अशा वेळी.
खटका सुटला, नारिंगी बोया धप्पकन पाण्यात,
नांगर राहिला तिथे राखण करत,
आम्ही माशाच्या मागे, तो नेईल तिकडे.
अर्ध्या तासाने दोर सैल झाला.
गळ सरळ होऊन वर आला,
वाकड्याचं सरळ करणारा कोण होता
ते दिसलंच नाही.
मी शिवी दिली. मावशीने सँडविच दिलं.

परतलो तेव्हा सुकती लागली होती,
बोया एका अंगावर कलून थरथरत होता.
दोरी उचलली, नाळेला घेतली,
आणि ती निघाली प्रवाहाच्या तोंडावर,
जराशी तिरकी, दोरी बगलेला ठेवून.
पंख्याखाली दोरी गेली तर
होडी स्वतःच स्वतःला बांधून घेते.
कठड्याला उघडा सुरा.
कड्यातून दोरी सरकत गेली,
बोया मागे धावला, अर्धा बुडाला,
मग सगळंच अडलं.
तळाच्या खडकाने नांगर धरला होता.

होडीचं नाक खाली गेलं. चार बोटं. सहा.
मावशीचा एक हात चाकावर,
दुसरा सुऱ्याजवळ, पण सुऱ्यावर नाही.
मी श्वास घेतला नाही, ती मोजत होती,
ओठ हलत होते, कुठल्या भाषेत कोण जाणे.

तीस वाव खाली प्लास्टिक तुटल्याचा
आवाज येत नाही.
दोरी सांगते. होडी एकदम
अंग सोडून देते.
नांगर बुडाकडून उलटला,
शिरला होता त्याच वाटेने मागे आला,
साखळी कड्यातून खडखडली
आणि तो बोयाखाली लोंबकळत वर,
फाळावर काळा गाळ, एक तारामासा,
मुळासकट उपटलेली शेवाळाची जुडी.
नांगरलं खूप. पीक एवढंच.

तुटकी पट्टी तिने खिशात टाकली.
स्वयंपाकघराच्या खिडकीत बरणी आहे तिच्या,
लोणच्याची, अशाच तुकड्यांनी
गळ्यापर्यंत भरलेली.
मी एकदा विचारलं होतं, किती झाले?
म्हणाली, बरणी लहान आहे.

उद्याची पट्टी मी लावली.
लावताना तिने बघितलं नाही.
नंतर, मी बादली धूत असताना, बघितलं.